मामाच्या डीव्हीडी आणि फुमोफ्फू

सुट्टीत घरी गेलो की पहिले चार दिवस मला कोणी काही बोलत नाही. पाचव्या दिवसापासून सुरुवात होते. मी पहाटे साडेपाचला उठून चादरीच्या कडा गादीखाली खोचतो, त्या खुडबुडीने आजीची झोप मोडते. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की माझ्या तोंडून 'येस मॅडम' निघून जातं. जेवण झालं की सगळ्यांचं होईपर्यंत मी ताठ बसून राहतो. धाकटी बहीण सहावीत आहे. ती माझ्यामागून टाचा आपटत चालते आणि शेजारच्या मुलींना हसवते. गेल्या दिवाळीत मी एकदा आईला फोनवर मामाशी बोलताना ऐकलं. ती म्हणत होती, "अरे, पोरगं घरात पाहुण्यासारखं राहतं. पाणी पण विचारून पितं."

मामा दोन दिवसांनी साताऱ्याला आला तो एक खोका घेऊनच. त्यात डीव्हीडी होत्या. तो पूर्वी दोन वर्षं अमेरिकेत ह्यूस्टनला नोकरीला होता, तेव्हा घेतलेल्या. त्यातल्या काही बाजूला काढून त्याने माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "हा बघ. तुझाच जुळा भाऊ आहे."

मालिकेचं नाव 'फुल मेटल पॅनिक? फुमोफ्फू'. नावात मध्येच प्रश्नचिन्ह आहे, ते माझं नाही. २००३ सालची, म्हणजे माझ्या जन्माच्या बरीच आधीची. डॉर्ममध्ये ॲनिमेबद्दल बोलणारे बरेच जण आहेत, पण त्यातल्या कोणाकडून मी हे नाव ऐकलं नव्हतं. आपली ओळख नारुतोशी, आणि त्याआधी हिंदीत बोलणाऱ्या शिनचॅन-डोरेमॉनशी.

गोष्ट थोडक्यात अशी. सोसुके सागारा हा साधारण आपल्याच वयाचा मुलगा, पण तो सार्जंट आहे. लहानपणापासून रणांगणात वाढलेला. शोजी गातो यांच्या मूळ कादंबऱ्यांत तो अफगाणिस्तानात वाढतो, ॲनिमेत त्या जागी एक काल्पनिक देश आहे. त्याला टोकियोतल्या एका शाळेत पाठवलेलं असतं, कानामे चिदोरी नावाच्या मुलीच्या संरक्षणासाठी. साधं आयुष्य त्याला माहीतच नाही. शाळा म्हणजे त्याच्या दृष्टीने शत्रूचा प्रदेश. २००२ मध्ये याच गोष्टीवर गोंझो स्टुडिओची २४ भागांची मालिका आली होती. तिच्यात यंत्रमानव, युद्ध असं सगळं गंभीर होतं. 'फुमोफ्फू'मध्ये ते सगळं बाजूला ठेवून फक्त शाळेतली गंमत घेतली आहे. १२ भाग, काही भागांत दोन-दोन छोट्या गोष्टी.

या डीव्हीडी विकत घेण्यासारख्या आहेत का, हे मला लिहायचं आहे. पण आधी त्या लागल्या कशा ते सांगावं लागेल, कारण अर्धा परीक्षक तिथेच नापास होतो.

आमच्या घरच्या प्लेअरमध्ये तबकडी घातली तर पडद्यावर रीजन चुकीचं असल्याची सूचना आली आणि ती बाहेर आली. मग मामाने समजावलं. डीव्हीडी बनवणाऱ्यांनी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका-कॅनडा १ नंबर, जपान-युरोप २ नंबर, भारत ५ नंबर. १ नंबरची तबकडी ५ नंबरच्या प्लेअरवर चालत नाही. मालिका जपानची, म्हणून उद्या खुद्द जपानमधून मागवली तरी ती २ नंबरची, म्हणजे तीही आमच्याकडे चालणार नाहीच. पप्पा म्हणाले, "सीमा पार करायला इथे पण पास लागतो वाटतं."

पप्पा नायब सुभेदार आहेत. त्यांची रजा आणि माझी सुट्टी या वेळी नऊ दिवस जुळली होती. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच.

उपाय म्हणजे मामाचा जुना लॅपटॉप. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचं रीजन बदलता येतं, पण एकूण पाचच वेळा. पाचव्यानंतर ते कायमचं तिथेच अडकतं. मामाने चार वेळा बदलून झालं होतं. 'शिल्लक बदल : १' अशी पाटी समोर आली आणि मी पप्पांकडे बघितलं. ते खुर्ची पुढे ओढून बसले, चष्मा लावून ती खिडकी नीट वाचली आणि विचारलं, "एकच फैर उरली आहे का?" मामा हो म्हणाला. "मग निशाणा बघून मार." मी १ नंबर निवडून ओके दाबलं. तो लॅपटॉप आता जन्मभर अमेरिकन राहणार आहे. शेजारच्या काकांकडून केबल आणली, टीव्हीला जोडली आणि चित्र दिसलं.

चित्राबद्दल स्पष्ट सांगतो, आजच्या डोळ्यांना ते मऊ वाटतं. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत डीव्हीडीच्या चित्रात ४८० रेषा, आपल्या पॅल पद्धतीत ५७६, आणि आमच्या टीव्हीला १०८०. म्हणजे छोटं चित्र ताणून मोठं केलेलं. कोणी जोरात पळालं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. बहिणीने लगेच तक्रार केली. पण रंग चांगले आहेत, आणि विनोदी मालिकेला मला वाटतं एवढं पुरतं. सोसुकेचा चेहरा मुळात हलतच नाही. त्याच्या आजूबाजूला काय काय फुटतंय ते दिसलं म्हणजे झालं.

तबकडीवर दोन आवाज आहेत, मूळ जपानी आणि इंग्रजी डब. सबटायटल फक्त इंग्रजी. इथून आमच्या घरात दोन पक्ष पडले. बहीण इंग्रजी शाळेत आहे, तिला डब हवा होता. पप्पांनाही, कारण वाचत बसलं तर चित्र बघायचं राहून जातं. आजीला दोन्ही सारखंच. ती वाती वळत बसली होती आणि म्हणाली, "तुमचं चालू द्या, मला काय कळतंय त्यातलं." मामा म्हणाला, "मूळ जपानी लाव, आणि तू आजीला मराठीत सांग."

असा मी दुभाष्या झालो. आणि सबटायटल कसली आहेत हे खरं तर त्यामुळेच कळलं. एकट्याने वाचताना ती छान वाटतात. मोठ्याने वाचून दुसऱ्याला सांगायची वेळ आली की त्यातलं काय राहिलं आणि काय गळलं ते समजतं. कानामे चिडली की एका श्वासात इतकं बोलते की खालच्या दोन ओळी भरून जातात आणि मी अर्ध्यावर असतानाच पुढच्या दोन येतात. आमच्या हॉलमध्ये त्यामुळे हसू तीन हप्त्यांत येत होतं. आधी बहीण हसायची, ती भराभर वाचते. मग मी. मग मी सांगून झाल्यावर आजी, आणि तोवर पडद्यावर दुसरंच काहीतरी पेटलेलं असायचं.

दुसऱ्या गोष्टीपासून मी शब्द सांगायचं सोडून दिलं. नुसतं सांगायचो, "आता ही याला झापतेय." आजी म्हणायची, "ते दिसतंय मला."

एक गोष्ट मात्र कुठल्याही सबटायटलने सांगितली नसती. सोसुकेचं एक ठरलेलं उत्तर आहे, 'मोंदाइ नाइ'. म्हणजे 'काही अडचण नाही'. काहीही विचारलं, शाळेची भिंत पडलेली असली, तरी तो सरळ चेहऱ्याने हेच सांगतो. जपानीतलं 'नाइ' आणि आपलं 'नाही' कानाला जवळजवळ एकच. चार-पाचदा ऐकल्यावर आजी म्हणाली, "आरं, ह्यो नाय नाय म्हणतोय आन् सगळं करतोय की!" त्यानंतर सोसुकेने तोंड उघडलं की आजी त्याच्या आधीच 'नाय' म्हणायची. इंग्रजी डबमध्ये ख्रिस पॅटनचा आवाज सोसुकेला फार शोभतो, एकदम कोरडा. लुसी ख्रिश्चनची कानामेही जपानी कानामेइतकीच तिखट आहे. डब उत्तम आहे, मी नंतर दोन भाग पुन्हा इंग्रजीत बघितले. पण त्यात आजीचं 'नाय' नाही. म्हणून आमच्या घरात जपानी पक्ष जिंकला.

दुसरी गळलेली गोष्ट मला बहिणीने दाखवली. जपानीत सोसुके कानामेला आडनावाने हाक मारतो, 'चिदोरी'. ती बिचारी त्याच्यासाठी एवढं करते तरी आडनावच. बहीण म्हणाली, "दादा, तू पण तुझ्या सगळ्या मित्रांना आडनावानंच हाक मारतोस. त्यांना नावं नाहीत का?" मी म्हटलं, नेमप्लेटवर आडनावच असतं. पण रात्री झोपताना मोजत होतो. माझ्या डॉर्ममधल्या तिघांची पहिली नावं मला खरंच लगेच आठवली नाहीत.

आपल्या वाचकांसाठी एक खास नोंद. तेसा नावाची एक मुलगी दोन भागांत येते, सोसुकेची वरिष्ठ. ती दारात उभी राहिल्यावर सोसुकेची जी अवस्था होते ती बघून पप्पा म्हणाले, "कॅप्टनला एवढं कोण घाबरतं?" जपानीत तिचा हुद्दा 'ताइसा'. हा शब्द भूदलातल्या कर्नललाही चालतो आणि नौदलातल्या कॅप्टनलाही. तेसा पाणबुडीची प्रमुख आहे, म्हणून इंग्रजीत तिला कॅप्टन म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण पायदळाच्या माणसाला कॅप्टन म्हणजे खांद्यावर तीन स्टार असलेले तरुण साहेब. नेव्हीचा कॅप्टन म्हणजे आपला कर्नल, हे मी सांगितल्यावर पप्पा एकदम सावरून बसले. "मग बरोबर आहे. घरी आल्या तर मी पण घाबरेन."

आता विनोदाबद्दल. पहिल्याच भागात सोसुकेला त्याच्या बुटांचं लॉकर कोणीतरी उघडल्याची शंका येते. बॉम्ब असेल म्हणून तो ते अख्खं लॉकर स्फोटाने उडवतो. आत कोणा मुलीने ठेवलेलं प्रेमपत्र असतं. जळके तुकडे जोडून तो वाचतो आणि त्याला ती धमकी वाटते. आम्ही सगळे हसत होतो. पप्पा एकटे गंभीरपणे बघत होते. ते म्हणाले, "संशय आला हे बरोबर. पण आधी एरिया खाली करायला पाहिजे होता. पोरं उभी आहेत मागं." यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पप्पांना आपण काय विनोद केला ते कळलं नाही. मग आईने माझ्याकडे बोट दाखवलं, पप्पांकडे दाखवलं, टीव्हीकडे दाखवलं आणि पुन्हा हसायला लागली. आई या सुट्टीत पहिल्यांदाच माझ्यामुळे हसत होती. मी काही केलं नव्हतं तरी.

कानामेच्या हातात कागदाचा एक मोठा घड्या घातलेला पंखा येतो आणि ती तो सोसुकेच्या डोक्यात हाणते. त्याला 'हारिसेन' म्हणतात. जपानमध्ये मान्झाइ नावाचा दोघांच्या संवादाचा विनोदी प्रकार आहे, एक मूर्खासारखं बोलणारा आणि दुसरा त्याला फटकारणारा. हा पंखा त्या फटकारणाऱ्याचा. आवाज मोठा, मार काही नाही. आजीला हे समजावायला मला काहीच करावं लागलं नाही. ती म्हणाली, जत्रेतल्या तमाशात गवळणीच्या वेळी मावशी पेंद्याला अशीच फटके द्यायची. पंखा वाजला की सगळे एकाच वेळी हसायचे, तिथे हप्ते नव्हते. बोन्ता-कुनचंही तसंच. बोन्ता-कुन हे एका बागेतलं गुबगुबीत सोंग, डोक्यावर टोपी, गळ्यात बो. सोसुके त्याचं चिलखत बनवतो. पण आतला आवाज बदलणारा यंत्राचा भाग बिघडलेला असतो, तो काहीही बोलला तरी बाहेर फक्त 'फुमोफ्फू' ऐकू येतं. मालिकेचं नाव तिथूनच आलं आहे. ते खेळण्यासारखं सोंग बंदूक घेऊन गंभीरपणे 'फुमो, फुमो' करतं, याला सबटायटल असलं काय, नसलं काय.

एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना रग्बीची गोष्ट आली.

कानामेच्या शाळेचा रग्बी संघ म्हणजे अतिशय सौम्य मुलं. सामना जिंकला नाही तर संघ बंद होणार असतो. कानामे ही जबाबदारी सोसुकेवर टाकते. तो त्यांना पळवतो, चिखलात लोळवतो आणि तोंडाने अशा शिव्या देतो की काही विचारू नका. मामाने सांगितलं की हे १९८७ सालच्या 'फुल मेटल जॅकेट' या युद्धपटातल्या ड्रिल इन्स्ट्रक्टरची नक्कल आहे. तो सिनेमा आपल्या वयाला नाही. आपल्या उस्तादांनी ही गोष्ट पाहू नये अशी माझी नम्र विनंती आहे, त्यांना नव्या कल्पना सुचतील. शेवटी ती मुलं सामना जिंकतात, पण जिंकताना समोरच्या संघाची जी दशा करतात ती बघून कानामेही घाबरते. ती सौम्य मुलं राहिलेली नसतात.

पप्पा डोळे पुसत होते. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला रिक्रूट असताना त्यांचे उस्ताद असेच ओरडायचे. त्यांनी दोन वाक्यं म्हणूनही दाखवली, मग आजीकडे बघून थांबले.

मी हसत नव्हतो. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही, पप्पांच्या आलं. रात्री सगळे झोपल्यावर ते ओट्यावर बसले होते, मी पाणी घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "त्या खेळाला का नाही हसलास?"

मी सांगितलं. सुट्टीच्या आधी इंटर-हाऊस क्रॉस-कंट्री झाली. आमच्या हाऊसच्या ज्युनिअर संघाचा सराव माझ्याकडे होता. सहावीतला एक मुलगा, राजस्थानचा, शाळेत येऊन चारच महिने झालेले. तो रोज शेवटच्या उतारावर चालायला लागायचा. त्याला पळवण्यासाठी मी जे बोललो ते इथे लिहिणार नाही. आईवरून शिव्या नाहीत, एवढं सांगतो. पण "आईला फोन करून रडणार का?" हे सगळ्यांसमोर म्हटलं, आणि सगळे हसले. तो त्या दिवसापासून थांबला नाही. शर्यतीत पाचवा आला, आमच्या हाऊसला गुण मिळाले, मला शाबासकी मिळाली. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या कपड्यांत त्याचे मोजे दिसले. दोन्ही टाचांना तपकिरी डाग होते, धुऊनही न गेलेले. त्याचे बूट नवीन होते. चालायला का लागतोस, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, रागावतील. मग म्हणाले, "आमचे उस्ताद दिवसभर ओरडायचे. रूट मार्च झाला की संध्याकाळी बॅरेकमध्ये येऊन एकेकाचे पाय बघायचे. फोड असला की स्वतः सुई तापवून फोडायचे, आणि तेव्हाही शिव्याच द्यायचे." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा टीव्हीतला सार्जंट पाय बघत नाही." आणि मला झोपायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उरलेले भाग बघितले. शेवटच्या भागानंतर नावांची पट्टी सरकत असताना मामाने बटण दाबून ती थांबवली. दिग्दर्शकाच्या नावावर. यासुहिरो ताकेमोतो. ही मालिका क्योतो ॲनिमेशनने केली आहे. या स्टुडिओने मुख्य जबाबदारी घेऊन केलेली ही पहिलीच टीव्ही मालिका. तोपर्यंत ते दुसऱ्यांच्या मालिकांसाठी काम करत. १८ जुलै २०१९ ला एका माणसाने त्यांच्या स्टुडिओच्या इमारतीला आग लावली. ३६ जण गेले. त्यात ताकेमोतोही होते. मामा म्हणाला, ती बातमी वाचल्यावर त्याने घरात हाच खोका शोधून काढला होता, आणि त्या रात्री बोन्ता-कुनचा भाग बघत एकटाच हसत बसला होता. आम्ही कोणी काही बोललो नाही. मामाने पुन्हा बटण दाबलं आणि बाकीची नावं सरकली.

तर विकत घेण्यासारख्या आहेत का? मामाने त्या सुट्या सुट्या घेतल्या होत्या. एका तबकडीवर मोजकेच भाग, म्हणजे पूर्ण मालिकेला बरेच पैसे. त्या काढणारी एडीव्ही फिल्म्स ही कंपनी ह्यूस्टनचीच. मामा म्हणतो तिथे घरच्या मिठाईच्या दुकानातून घेतल्यासारखं वाटायचं. ती २००९ मध्ये बंद झाली. नंतर हक्क फनिमेशनकडे गेले आणि ब्लू-रेही निघाल्या. आज कोणी विचारलं तर जुन्या डीव्हीडी घ्या असं मी म्हणणार नाही. रीजनची भानगड, चित्र जुनं. शिवाय आधीची मालिका न बघितलेल्याला सोसुके शाळेत का आहे हे ही मालिका धड सांगत नाही, आम्हाला मामाने सांगितलं. पण दोन्ही आवाज एकाच तबकडीवर आहेत, पाहिजे तेव्हा बदलता येतात. एका घरात आजी आणि सहावीतली बहीण दोघींना घेऊन बसायचं असेल तर याहून मोठी सोय नाही. भाषांतर करणारा मात्र घरचा लागतो.

सुट्टी संपून परत आलो त्या संध्याकाळी मी ज्युनिअर डॉर्ममध्ये गेलो. तो मुलगा कपाट लावत होता. मला बघताच टाचा जुळवून उभा राहिला. मी म्हटलं, "पैर दिखाओ." त्याने पटकन बूट-मोजे काढले, दोन्ही पाय जोडून ठेवले आणि म्हणाला, "सर, नाखून काटे हैं." त्याला इन्स्पेक्शन वाटलं. मी खाली बसून टाचा बघितल्या. डाव्या टाचेवर जुनी खूण होती, उजवी भरून आली होती. बूट बदलले का विचारलं. घरून मोठ्या मापाचे आणले होते, वडिलांनी घेऊन दिलेले. मग मला आणखी काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी म्हटलं, "फुमोफ्फू."

तो म्हणाला, "सॉरी सर?"

मी त्याला बोन्ता-कुनची गोष्ट सांगितली. हिंदीत. तो हसला नाही. बहुधा हसायची परवानगी आहे की नाही ते त्याला कळत नव्हतं. पण शेजारच्या पलंगावरचे दोघे ऐकत होते, ते हसले, आणि मग त्यांच्याकडे बघून तोही थोडा हसला. त्याचं पहिलं नाव मी विचारून घेतलं आहे.

शनिवारच्या मूव्ही नाइटला दोन भाग दाखवता येतील का, असं मी हाऊसमास्टर सरांना विचारलं आहे. मामा पालक-भेटीच्या वेळी लॅपटॉप पाठवायला तयार आहे. सर म्हणाले, आधी मी स्वतः बघेन, आणि सहावीच्या मुलांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, त्यांना कोण सांगणार? मी सांगेन म्हटलं. रग्बीची गोष्ट दाखवायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही.